गाडी दोघांची, नोंद एकाची

नवरा-बायकोने मिळून मोटार घेतली आणि त्यांच्यापैकी एक जण गेला, तर मागे राहिलेल्याला दोन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे शोधावी लागतात. गाडी आता कोणाच्या नावावर नोंदवायची, हा पहिला. ती आता खरोखर कोणाची, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर आरटीओत मिळते, दुसऱ्याचे वारसा कायद्यात. घरोघरी या दोहोंची सरमिसळ होते आणि पुढची बरीचशी ओढाताण त्यातूनच निघते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ सामाईक मालकीला हरकत घेत नाही, पण व्यवहार एकाच माणसाशी ठेवतो. कलम ४१ मध्ये म्हटले आहे की, वाहनाचे मालक एकाहून अधिक असतील तर नोंदणीचा अर्ज सर्वांच्या वतीने एकाने करायचा आणि या कायद्यापुरता तोच मालक समजला जाईल. सरकारच्या दृष्टीने ही सोय आहे. चलान कोणाच्या नावाने काढायचे, कर कोणाकडून घ्यायचा, अपघातानंतर नोटीस कोणाला पाठवायची, यासाठी एक पक्के नाव हवे असते. कलम २(३०) मधली मालकाची व्याख्याही तशीच आहे : ज्याच्या नावे वाहन नोंदलेले आहे तो मालक. ‘नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार’ या २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका घेतली. गाडी हातोहात विकली गेली तरी नोंद ज्याच्या नावे राहिली, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर राहते. म्हणजे आरसीवरचे नाव मुख्यतः जबाबदारी कोणाची ते सांगते. गाडी घेताना पैसे कोणी किती घातले आणि मृत्यूनंतर हिस्सा कोणाला किती, हे त्या कार्डावर कुठेच नसते.

दोघांची गाडी म्हणजे एक गेल्यावर आपोआप दुसऱ्याची, हा समज फार घट्ट आहे. बँकेतल्या ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ खात्यांमुळे तो रुजला असावा. प्रत्यक्षात ती सूचना बँकेने पैसे कोणाला द्यायचे एवढ्यापुरतीच असते. मागे राहिलेल्या सहमालकाकडे सगळी मिळकत आपसूक जाण्याची कल्पना इंग्लिश कायद्यातली आहे. एकत्र कुटुंबाची मिळकत सोडली तर हिंदू कायद्याला ती अपरिचित आहे, असे प्रिव्ही कौन्सिलने १८९६ मध्येच म्हटले होते. आपल्याकडे मृताचा अर्धा हिस्सा त्याच्या वारसांकडे जातो आणि हयात जोडीदार त्या वारसांपैकी एक असतो.

अमेरिकेत चित्र वेगळे आहे. कॅलिफोर्नियात गाडीच्या टायटलवर दोन नावांच्या मध्ये ‘ऑर’ असेल तर दोघांपैकी कोणाही एकाची सही विक्रीला चालते. ‘अँड’ असेल तर दोघांच्या सह्या लागतात. हयात मालकाला सगळा हक्क जावा अशी नोंद टायटलवरच करून ठेवण्याचीही सोय तिथे आहे. बे एरियात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना गाडी घेतानाच हा पर्याय निवडावा लागतो. मग तिथल्या मुलाने फोनवरून पुण्याच्या आईला ‘नुसते डेथ सर्टिफिकेट दे, काम होईल’ असे सांगितले तर नवल नाही. ब्रिटनमध्ये आणखी तिसरेच. तिथल्या नोंदणीपत्रावर गाडी कोण सांभाळतो त्याचे नाव असते आणि हा मालकीचा पुरावा नव्हे, असे त्या कागदावरच छापलेले असते.

महाराष्ट्रातल्या एका हिंदू कुटुंबाचे उदाहरण घेतले की हिशोब उलगडतो. पती-पत्नीने निम्मे-निम्मे पैसे घालून गाडी घेतली. पती मृत्युपत्र न करता वारला. मागे पत्नी, दोन मुले आणि त्याची आई आहे. गाडीची किंमत आज चार लाख रुपये धरू. यातले दोन लाख पत्नीचे मुळातलेच. त्यांना वारसाहक्क लागत नाही. पतीच्या दोन लाखांचे हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे चार सारखे भाग होतात : पत्नी, मुलगा, मुलगी आणि आई. म्हणजे पत्नीचे एकूण अडीच लाख आणि उरलेल्या तिघांचे पन्नास-पन्नास हजार. लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलीचा वाटा मुलाइतकाच. मृताचे वडील हयात असले तरी त्यांना यात काही मिळत नाही, कारण ते दुसऱ्या वर्गातले वारस आहेत. आई मात्र पहिल्या वर्गात आहे. गावी राहणाऱ्या, त्या गाडीत क्वचितच बसलेल्या सासूबाईंची संमती का लागते, हे अनेक सुनांना कळत नाही, त्याचे उत्तर इथे आहे.

पत्नी आधी गेली तर गणित बदलते. विवाहित हिंदू स्त्रीचे पहिले वारस तिचा पती, मुलगे आणि मुली. तिच्या आईचा क्रम त्यानंतर कितीतरी मागे लागतो. दोन मुले असतील तर पतीचा स्वतःचा अर्धा आणि पत्नीच्या अर्ध्यातला एक-तृतीयांश मिळून दोन-तृतीयांश गाडी त्याची. मुस्लिम कायद्यात मुले असताना विधवेला मृताच्या मिळकतीचा एक-अष्टमांश आणि मुले नसताना एक-चतुर्थांश मिळतो. ख्रिस्ती कुटुंबात मुले असतील तर भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ नुसार विधवेला एक-तृतीयांश. पारशी कायद्यात पत्नी आणि प्रत्येक मूल यांना सारखा वाटा असतो, आणि मृताचे आईवडील असतील तर त्या प्रत्येकाला मुलाच्या निम्मा. मृत्युपत्र केलेले असेल तर स्वतःच्या हिश्शापुरते ते चालते. सहमालकाचा अर्धा भाग मृत्युपत्रात लिहून टाकता येत नाही.

गोव्याची गोष्ट निराळी. तिथे लग्नापूर्वी दुसरा करार केलेला नसेल तर पती-पत्नीची मिळकत सामाईक धरली जाते. त्यामुळे आरसीवर एकट्या पतीचे नाव असले तरी गाडीचा अर्धा भाग लग्नाच्या नात्यानेच पत्नीचा असतो आणि वारशाचा विचार उरलेल्या अर्ध्यापुरताच होतो. वारस कोण, हे विशेष नोटरीसमोर दस्त करून ठरवून घेण्याची तिथली पद्धत पोर्तुगीज नागरी कायद्यापासून चालत आलेली आहे.

आणखी एक गोंधळ कर्जामुळे होतो. गाडीच्या कर्जात पत्नीला सहकर्जदार केलेले असते, हप्ते दोघांच्या खात्यातून जातात, आणि त्यामुळे गाडी दोघांची असे घरात सगळे धरून चालतात. सहकर्जदार म्हणजे सहमालक नव्हे. कर्ज फेडण्याची जबाबदारी मात्र तिच्यावर पूर्ण असते, पतीच्या मृत्यूनंतर तर जास्तच. गाडीवर नाव नाही आणि कर्जावर आहे, अशी ही सगळ्यात गैरसोयीची अवस्था आहे. यावर उपाय म्हणून कर्जाला जोडून विमा घेतलेला असतो, पण घरच्यांना त्याचा पत्ता नसतो. कर्जाच्या फाइलमध्ये तो आधी शोधावा.

आता आरटीओचे काम. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ५६ खास याच प्रसंगासाठी आहे. मालकाच्या मृत्यूनंतर ज्याच्याकडे गाडीचा ताबा आला, त्याने ३० दिवसांच्या आत आरटीओला मृत्यूची आणि आपण गाडी वापरणार असल्याची माहिती द्यायची. ती दिली की तीन महिने त्याला गाडी स्वतःच्या नावावर असल्यासारखी वापरता येते. त्याच तीन महिन्यांत फॉर्म ३१ मध्ये हस्तांतरणाचा अर्ज करायचा. नेहमीच्या खरेदी-विक्रीचे फॉर्म २९ आणि ३० इथे लागत नाहीत.

मुदत वाचायला पुरेशी वाटते, पण मराठी घरात पहिले तेरा-चौदा दिवस दिवसकार्यात जातात आणि मृत्यूचा दाखला हातात यायलाही वेळ लागतो. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत किंवा महापालिकेत २१ दिवसांत करायची असते. रुग्णालयात मृत्यू झाला असेल तर ती माहिती रुग्णालयाकडूनच जाते. घरी झाला असेल तर घरच्यांना धावपळ करावी लागते. दाखल्याच्या प्रती एकदम जास्त काढून घेणे बरे. बँक, विमा, गॅस, वीज, सोसायटी आणि आरटीओ, प्रत्येक ठिकाणी एक लागते. ३० दिवसांची ती माहिती बहुतेक कुटुंबे देतच नाहीत, कारण असे काही द्यायचे असते हेच त्यांना कोणी सांगितलेले नसते. साध्या कागदावर अर्ज लिहून, दाखल्याची प्रत जोडून, कार्यालयाच्या शिक्क्याची पोच घेतली तरी अडचणीच्या वेळी ती पोच बाजू सांभाळते. तीन महिने उलटून गेले म्हणून हस्तांतरणाचा दरवाजा बंद होत नाही. उशिराचा दंड भरून अर्ज करता येतो. मधल्या काळात गाडी चालवणे मात्र जोखमीचे.

नियम ५६ ने अर्जासोबत चारच गोष्टी मागितल्या आहेत : फी, मृत्यूचा दाखला, आरसी आणि विम्याचे प्रमाणपत्र. मोटारीच्या हस्तांतरणाची मूळ फी ३०० रुपये आहे. स्मार्ट कार्डाचे आणि टपालाचे पैसे वेगळे. खिडकीवरची यादी मात्र याहून लांब असते. चालू पीयूसी, पत्त्याचा आणि ओळखीचा पुरावा, फोटो, चॅसी क्रमांकाचा पेन्सिलने उतरवलेला ठसा, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बाकीच्या वारसांची संमती. नियमात ‘ताबा ज्याच्याकडे आला तो’ एवढेच आहे; वारस कोण हे ठरवण्याचा अधिकार आरटीओला नाही. उद्या दुसरा वारस तक्रार घेऊन आला तर आपण अडकू नये म्हणून कार्यालये ही संमती मागतात, आणि त्यांची ही सावधगिरी रास्त आहे. सर्व वारसांची नावे लिहिलेले प्रतिज्ञापत्र आणि ‘गाडी अमुक यांच्या नावे करण्यास आमची हरकत नाही’ अशी प्रत्येकाची नोटरी केलेली एनओसी, एवढ्यावर बहुतेक प्रकरणे मिटतात.

कधी कधी ‘कोर्टाचा वारस दाखला आणा’ असे सांगितले जाते. यात दोन वेगळे कागद मिसळलेले असतात. १९२५ च्या अधिनियमाखाली मिळणारे उत्तराधिकार प्रमाणपत्र हे मृताची येणी आणि शेअर, रोखे यांसारखे गुंतवणुकीचे कागद यांच्यासाठी आहे. मोटार या दोन्हींत बसत नाही. दुसरे वारस प्रमाणपत्र १८२७ च्या मुंबई विनियमाखाली दिवाणी न्यायालय देते. ते मृताचे वारस कोण हे सांगते आणि सर्व मिळकतीला उपयोगी पडते. तलाठ्याकडची वारस नोंद तिसरी, ती जमिनीपुरती. वारसांमध्ये भांडण असेल तर न्यायालयात जाण्याशिवाय इलाज नाही. भांडण नसेल तर जुन्या गाडीसाठी वकील लावून महिनोन्‌महिने तारखा घेणे गाडीच्या किमतीला परवडत नाही. अशा वेळी नियमात या प्रमाणपत्राचा उल्लेख नाही हे नम्रपणे दाखवून प्रतिज्ञापत्रावर काम करून घ्यावे.

सामाईक मालकीत मृत्यू कोणाचा झाला यानेही फरक पडतो. कायद्यापुरता जो मालक समजला जात होता तोच गेला, तर हयात सहमालकाने फॉर्म ३१ भरायचा. तिच्या किंवा त्याच्या हाती स्वतःचा निम्मा हक्क आधीपासून असल्याने बाजू बळकट असते, पण उरलेल्या निम्म्यासाठी वारसांच्या एनओसी लागतातच. गेलेला सहमालक तो नसेल, तर नोंदणीतला मालक हयातच आहे आणि गाडी वापरायला अडचण नाही. मृताचा हिस्सा मात्र वारसांचा झालेला असतो, आणि गाडी विकायची वेळ आली की तो समोर येतो. नोंद तेव्हाच दुरुस्त करून घेतलेली बरी.

नाव कोणाचे लावायचे हा घरचा निर्णय. इथे एक सवय मुद्दाम तपासण्यासारखी आहे. ‘आईला कुठे गाडी येते’ म्हणून गाडी सरळ मुलाच्या नावावर केली जाते. मोटारीची मालक होण्यासाठी वाहन परवाना लागत नाही. ड्रायव्हर ठेवून किंवा मुलाकडून चालवून घेऊन ती गाडी आयुष्यभर आईच्या नावावर राहू शकते, आणि जिचा हिस्सा सर्वांत मोठा तिच्या नावावर ती असणे हिशोबालाही धरून आहे.

अर्ज अडतो तो बहुधा जुन्या थकबाकीवर. गाडीवर कर्जाचा बोजा असेल, ज्याला आरटीओत सगळे ‘एचपी’ म्हणतात, तर कर्ज फिटल्यावर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन तो उतरवावा लागतो. कर्ज चालू ठेवायचे असेल तर हस्तांतरणाला बँकेची लेखी संमती लागते. मृताच्या नावावर राहिलेली ई-चलाने भरून टाकावी लागतात. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट नसेल तर महाराष्ट्रात आधी ती बसवायला सांगतात. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांपुरती असते. ती उलटली असेल तर गाडी तपासणीला नेऊन नूतनीकरण आधी. फास्टॅग मृताच्या केवायसीवर असतो, तो बंद करून नवा घ्यावा.

विम्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते आणि नुकसानही तिथेच मोठे होते. खासगी मोटारीच्या सर्वसाधारण पॉलिसीत एक अट असते : एकमेव विमाधारक मरण पावल्यास पॉलिसी लगेच रद्द होत नाही, मृत्यूपासून तीन महिने किंवा मुदत संपेपर्यंत, यांतले जे आधी येईल तोवर ती चालू राहते. या काळात वारसाने ती आपल्या नावावर करून घ्यायची किंवा नवी घ्यायची. त्यानंतर अपघात झाला तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा कंपनी नाकारू शकते. समोरच्याला झालेल्या इजेचा प्रश्न वेगळा. कलम १५७ नुसार गाडी हस्तांतरित झाली की विमाही नव्या मालकाकडे गेला असे धरतात. पण हे संरक्षण त्रयस्थाच्या नुकसानीपुरतेच आहे, गाडीच्या नुकसानीला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ‘कम्प्लीट इन्सुलेशन्स’ प्रकरणात स्पष्ट केले आहे.

नो क्लेम बोनस एरवी गाडीबरोबर जात नाही, विमाधारकाबरोबर राहतो. मृत्यू हा त्याला अपवाद आहे. गाडीचा ताबा पती किंवा पत्नी, मुले अथवा आईवडील यांच्याकडे आला तर मृताने जमवलेला बोनस त्यांना मिळतो. सलग पाच वर्षे दावा केला नसेल तर ही सूट गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर ५० टक्क्यांपर्यंत जाते. एजंटने नवी पॉलिसी शून्य बोनसने काढून दिली तर ती परत करून मागणी करावी. शिवाय मालक स्वतः गाडी चालवत असताना अपघातात गेला असेल आणि त्याच्याकडे चालू परवाना असेल, तर पॉलिसीतल्या सक्तीच्या वैयक्तिक अपघात विम्याचे १५ लाख रुपये नॉमिनीला मिळतात. गाडीच्या दुरुस्तीचा दावा करणारी कुटुंबेही हा दावा विसरतात. नवी मालकीण गाडी चालवत नसेल आणि तिच्याकडे परवाना नसेल, तर तिच्या पॉलिसीत हा विमा घेण्याची सक्ती राहत नाही.

गाडी ठेवायचीच नसेल तरी आधी वारसाच्या नावावर करणे आणि मग विकणे, हाच रस्ता. जुन्या गाड्यांच्या बाजारात याला एक आडवाट सुचवली जाते. फॉर्म २९ आणि ३० वर मृताची सही ‘कोणीतरी’ करून मागची तारीख टाकायची. मृत्यूनंतर केलेली सही ही बनावट सहीच, आणि त्याचा जाब सही करणाऱ्या मुलाला किंवा पत्नीला द्यावा लागतो. मध्यस्थ तोवर निघून गेलेला असतो.

पतीच्या मागे आई मुलीकडे बेंगळुरूला किंवा मुलाकडे हैदराबादला राहायला जाते, तेव्हा गाडीचा प्रश्न दुहेरी होतो. मालकाच्या मृत्यूनंतरचा अर्ज वारस जिथे राहतो आणि गाडी जिथे ठेवली जाते, तिथल्या नोंदणी कार्यालयात करता येतो. त्यासाठी मूळ आरटीओची फॉर्म २८ मधली एनओसी लागते. गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त काळ राहिली की तिथला नवा क्रमांक घ्यावा लागतो आणि त्या राज्याचा रस्ता करही भरावा लागतो. गाडी बरीच जुनी असेल तर हा सगळा खटाटोप तिच्या किमतीपेक्षा महाग पडण्याची शक्यता असते, तेव्हा महाराष्ट्रातच नावावर करून विकणे सोपे.

२०२१ पासून गाडीलाही नॉमिनी लावता येतो. केंद्रीय नियमांत बदल करून नोंदणीच्या वेळी किंवा नंतर कधीही ऑनलाइन अर्जाने नॉमिनीचे नाव देण्याची सोय झाली. मालकाच्या मृत्यूनंतर नॉमिनीने ३० दिवसांत कळवून, दाखला अपलोड करून तीन महिन्यांत आपल्या नावे आरसी मागायची; वारसांच्या एनओसी गोळा करण्याचे काम यामुळे बरेच हलके होते. पण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या शेअर आणि म्युच्युअल फंडांवरून उभ्या राहिलेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा तेच सांगितले : नॉमिनेशनने वारसा कायदा बाजूला सरत नाही. तो निकाल शेअर आणि फंडांपुरता असला तरी मोटारीच्या नॉमिनीला वेगळा नियम लागू होण्याचे कारण दिसत नाही. वरच्या उदाहरणात पत्नी नॉमिनी असती तर आरसी तिच्या एकटीच्या नावावर झाली असती, आणि सासूबाईंचे पन्नास हजार तरीही सासूबाईंचेच राहिले असते. घटस्फोट झाला किंवा वाटणी झाली तर नॉमिनी बदलता येतो. गाडी जुनी असली तरी वाहन पोर्टलवर अर्ज करून आणि नॉमिनीचे ओळखपत्र जोडून हे नाव आजही घालता येते.